‘हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही’

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट विंडोजचे अपडेट सोडते. ही प्रथा ऑक्टोबर २००३ पासूनची. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांचे फोन खणखणतात ते बुधवारी सकाळी.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मामला जरा वेगळा असतो. मशीनशेजारचा पीसी मुद्दामच इंटरनेटला जोडलेला नसतो. दुरुस्तीवाला पोरगा पेन ड्राइव्हवर डझनभर फाइली घेऊन येतो, पहिलीवर डबल क्लिक करतो आणि उत्तर येतं : हे अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही. दुसरीलाही तेच. मालक वैतागतात, ‘‘लागू न्हाई तर आणलंस कशाला?’’

गंमत अशी, की या वाक्याचे दोन अगदी उलटे अर्थ निघतात. एक, याची आता गरज नाही, याहून नवं आधीच बसलंय. दोन, याच्या आधी जे बसायला हवं होतं ते बसलेलंच नाही. म्हणजे एकात मशीन पुढे आहे, दुसऱ्यात मागे. (३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटची फाइल चालवली तरी हेच उत्तर, पण ती चूक पटकन सापडते.) तिन्हींना एकच वाक्य देणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

आधी पहिला अर्थ. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासून दर महिन्याचं मुख्य अपडेट एकत्रित असतं. महावितरणच्या ताज्या बिलात मागची थकबाकी धरलेली असते, जुनी बिलं काढून एकेक भरावी लागत नाहीत, तसंच हे. नवं आलं की जुनं बाद. विंडोज ७ ला ही पद्धत ऑक्टोबर २०१६ मध्ये लागू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने गोंधळ उडवला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. जो तो आपल्या यादीत मार्चच्या अपडेटचा केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला देते तो), केबी ४०१२२१२, शोधू लागला. एप्रिल किंवा मेचं एकत्रित अपडेट घेतलेल्या मशीनवर तो दिसायचं कारणच नव्हतं, तरी मशीन सुरक्षित होतं. खरी खूण दुरुस्त झालेल्या ‘एसआरव्ही डॉट सिस’ या फाइलच्या आवृत्तीत होती. विंडोजही मुळात तेच करतं : केबी क्रमांकाची हजेरी घेत नाही, प्रत्येक भागाची आवृत्ती ताडून बघतं. आपल्याला बघायचं तर विंडोज १० किंवा ११ वर ‘विनव्हर’ ही कमांड चालवून बिल्ड क्रमांक, म्हणजे विंडोजच्या आवृत्तीचा नेमका आकडा, पाहावा. त्यातला टिंबानंतरचा आकडा अपडेटगणिक वाढतो.

दुसरा अर्थ जास्त छळतो. अपडेट बसवणारा विंडोजमधला भाग, सर्व्हिसिंग स्टॅक, स्वतःही जुना होतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची डिजिटल सही (ते मायक्रोसॉफ्टचंच असल्याची खूण) फक्त शा-२ या नव्या पद्धतीने करायची ठरवली. जुन्या विंडोज ७ ला ही सही ओळखता येईना, त्यामुळे आधी केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ बसवल्याशिवाय पुढचं काही बसेना. २०२१ पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत सर्व्हिसिंग स्टॅक एकत्रित अपडेटमध्येच मिळू लागला आणि ही कटकट बरीच मिटली.

बरीच, पूर्ण नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सप्टेंबर २०२४ चं केबी ५०४३०८० हा टप्पा धरलाय. नंतरची अपडेट त्या टप्प्यापासूनचा फरकच आणतात, म्हणून डाउनलोड लहान राहतं. ऑनलाइन मशीन हे आपलं आपण निस्तरतं. ऑफलाइन मशीनसाठी मात्र टप्प्याची आणि नवीन, अशा दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून नवीन फाइल डिझम या विंडोजमधल्याच कमांडने बसवायची, टप्प्याची फाइल डिझम स्वतः शोधून घेतं. या फाइली जिथून उतरवतात त्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर प्रत्येक नोंदीच्या तपशिलात, याने कोणाची जागा घेतली आणि याची जागा कोणी घेतली, अशा दोन याद्या असतात. दुसरी यादी भरलेली दिसली तर, वर सांगितलेला टप्पा सोडून, ती फाइल उतरवूच नये.

बाद झालेल्या फाइली लगेच पुसल्या जात नाहीत, विंडोजच्या विनएसएक्सएस या फोल्डरमध्ये पडून राहतात. नवं अपडेट बिघडलं तर त्यांच्याच जोरावर मागे जाता येतं. डिस्क भरली म्हणून कोणी डिझम कमांडला ‘रीसेटबेस’ हा पर्याय जोडून साफसफाई केली, तर जागा मिळते, पण तोवर बसलेली अपडेट काढून टाकता येत नाहीत.