पदवीनंतर किती दिवस? परदेशी शिक्षणाच्या तुलनेची पार्श्वभूमी

अमेरिका की जर्मनी, ब्रिटन की कॅनडा, असा विषय घरात निघाला की तीन गोष्टींवर बोललं जातं: विद्यापीठाचं रँकिंग, फी आणि राहण्याचा खर्च. पदवी हातात पडल्यावर त्या देशात किती काळ आणि कोणत्या अटींवर नोकरी करता येते, हा मुद्दा बहुतेक वेळा कन्सल्टंटच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीत उरकतो. माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. हे नियम कुठून आले आणि किती वेळा बदलले, हे पाहिलं की तुलनेचं चित्रच वेगळं दिसायला लागतं.

आपल्याकडची पहिली पिढी परदेशात शिकायला गेली ती परत यायचं ठरवूनच. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांची नेमणूक मात्र कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, महिला विभागाची प्रमुख म्हणून झाली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या काळात बाकीचा ओघ लंडनकडे होता, कारण आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या वरिष्ठ सनदी सेवेची, परीक्षा १९२२ पर्यंत फक्त तिथेच होत असे. खर्चाचा भार घरचे, एखादा संस्थानिक किंवा १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या निधीसारखी एखादी व्यवस्था उचलायची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण इथे जरा थांबून पाहायला हवं. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला तिथे राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तिथूनही त्यांना जात कळल्यावर हाकलण्यात आलं, आणि ती नोकरी सुटली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, तिथली बचत, शाहू महाराजांची मदत, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले. शिक्षणाची संधी आणि करिअरची संधी या दोन गोष्टी किती दूर असू शकतात, आणि दुसरीचं दार कधी कधी आपल्याच देशात बंद असतं, हे या दहा वर्षांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

तेव्हा अमेरिकेत शिकता येत होतं, पण स्थायिक होता येत नव्हतं. १९१७ च्या कायद्याने आशियातून होणाऱ्या स्थलांतराला जवळजवळ पूर्ण बंदी घातली होती. विद्यार्थी त्यातून वगळलेले होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये बंदी उठली, तीही वर्षाला अवघ्या १०० जणांसाठी. खरं वळण आलं १९६५ च्या कायद्याने. देशाच्या नावावरून ठरणारे जुने कोटे गेले, आणि शिक्षण व कौशल्य यांच्या जोरावर ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, रस्ता खुला झाला. त्यानंतर इथले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले. 'एमएस करायला जाणं' याचा अर्थ तिथेच नोकरी धरणं, हे समीकरण घट्ट झालं ते त्यानंतरच.

१९९० च्या कायद्याने एच-वन-बी हा कुशल नोकरदारांसाठीचा तात्पुरता व्हिसा आला, वर्षाला ६५,००० च्या मर्यादेसह. आयटीच्या लाटेत ती मर्यादा १,९५,००० पर्यंत गेली आणि पुन्हा खाली आली. नंतर अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागांची भर पडली. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून दरवर्षी लॉटरी. दरम्यान, शिकल्यावर कामाचा अनुभव घेण्यासाठी मिळणारी १२ महिन्यांची 'ओपीटी' २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी १७ महिन्यांनी वाढली आणि २०१६ पासून एकूण तीन वर्षांची झाली. म्हणजे लॉटरीत नशीब आजमावायला जास्त संधी. कर्ज काढून जाणाऱ्यांचं सगळं गणित याच तीन वर्षांवर उभं राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा झाली, तेव्हा ते गणित किती नाजूक होतं ते घराघरांत कळलं.

ब्रिटनने तर हेच दार उघडून, बंद करून, पुन्हा उघडलं. पदवीनंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला आणि भारतीय विद्यार्थ्यांची संख्या घसरली. जुलै २०२१ मध्ये तशीच दोन वर्षांची मुभा देणारा 'ग्रॅज्युएट रूट' सुरू झाला आणि ओघ परतला. आता १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएच.डी. वगळता, १८ महिनेच मिळणार आहेत. तिथलं मास्टर्स एका वर्षाचं असतं आणि तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. त्यासाठी चालते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणून तिकडे इंजिनिअरांचा भरणा जास्त, आणि कॉमर्सची मुलं लंडन-मँचेस्टरकडे वळतात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने शिक्षणाला थेट स्थलांतराची पायरीच केलं आणि घरांची टंचाई व राजकारण तापल्यावर २०२४ मध्ये दोघांनीही हात आखडता घेतला. कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने व्हिसाचं शुल्क ७१० वरून १,६०० डॉलरवर नेलं.

जर्मनी मात्र उलट दिशेने चालत आला. २००० साली तिथल्या सरकारने परदेशी आयटी तज्ज्ञांसाठी २०,००० 'ग्रीन कार्डं', म्हणजे तिथले तात्पुरते कामाचे परवाने, काढली, तेव्हा भारतीयांच्या विरोधात उघड घोषणा देत निवडणूक लढवली गेली. २००५ मध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष मिळू लागलं, २०१२ मध्ये त्याचे १८ महिने झाले. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, आणि युरोपभर बॅचलर-मास्टर्सची एकसारखी चौकट आल्यापासून इंग्रजीतले अभ्यासक्रमही वाढले. आज तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वाधिक आहेत. शुल्क नसलं तरी राहण्याच्या खर्चासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाच्या खात्यामध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायची सोय आहे, तिचा उपयोग खरा इथेच. अभ्यासक्रम इंग्रजीत पार पडतो, पण त्या १८ महिन्यांत मुलाखतीला बसल्यावर, विशेषतः मध्यम आकाराच्या कारखान्यांत, समोरचा माणूस जर्मनमध्येच बोलतो.