बूस्ट कमी पडतोय: गळती हवेच्या बाजूला की एक्झॉस्टच्या?

कालपर्यंत १८,००० फुटांपर्यंत ३५ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) आरामात धरून ठेवणारं विमानाचं टर्बोचार्ज्ड पिस्टन इंजिन आज १५,००० फुटांवरच ढेपाळतं. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, आरपीएम तेवढाच आहे, तरी काटा हळूहळू उतरतोय. अशा वेळी पहिला संशय गळतीवर जातो आणि तो बहुतेकदा बरोबरही असतो. पण गळती कुठली? इंडक्शनची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या दाबाच्या हवेची, की एक्झॉस्टची? कॉकपिटमधल्या काट्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, मात्र एकीने ताकद जाते आणि दुसरीने आग लागू शकते.

टर्बोचार्जरचं चक्र बघितलं की दोन्हींची गल्लत का होते ते कळतं. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा, असलाच तर इंटरकूलरमधून (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग), थ्रॉटलपर्यंत येते. या भागाला अपर डेक म्हणतात. तिथून ती इंडक्शन मॅनिफोल्डमध्ये आणि सिलिंडरमध्ये जाते, आणि जळालेला वायू टर्बाइन फिरवून तोच कॉम्प्रेसर चालवतो. हवा वाटेत निसटली तर सिलिंडरला कमी मिळते. वायू टर्बाइनच्या आधी निसटला तर कॉम्प्रेसर मंदावतो. शेवटी मॅनिफोल्ड प्रेशरच घटतं.

त्यात कंट्रोलर दोन्ही दोष झाकतो. वेस्टगेट म्हणजे काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. ऑटोमॅटिक वेस्टगेट असलेल्या इंजिनात दाब कमी पडला की कंट्रोलर वेस्टगेट थोडा अजून बंद करतो, जास्त वायू टर्बाइनकडे वळतो आणि काटा जागेवर येतो. वेस्टगेट पूर्ण बंद होईपर्यंत वैमानिकाला काहीच कळत नाही. म्हणून जमिनीवरचा रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) चोख असतो, टेकऑफही चोख असतो आणि फक्त क्रिटिकल अल्टिट्यूड, म्हणजे पूर्ण प्रेशर जिथपर्यंत टिकतं ती उंची, खाली सरकते. टर्बो ॲरो किंवा सेनेका-२ या विमानांमधल्या फिक्स्ड वेस्टगेटच्या टीएसआयओ-३६० इंजिनांत ही झाकाझाक नाही. तिथे नेहमीचं प्रेशर मिळवायला थ्रॉटल जास्त ढकलावा लागतो, आणि हाताला सवय असेल तर ते लगेच जाणवतं.

बाकीच्यांनी एक आकडा लिहून ठेवावा: ठरलेल्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर चढताना मॅनिफोल्ड प्रेशर कोणत्या उंचीपासून उतरायला लागलं, आणि तेव्हा बाहेरचं तापमान किती होतं. तापमान महत्त्वाचं, कारण गरम दिवशी ही उंची आपोआपच खाली येते. साधारण सारख्या तापमानाला ती दोन-तीन हजार फुटांनी घसरली असेल तर काउलिंग उघडायची वेळ आली. (वेस्टगेटची फिरती चकती शिसं आणि कार्बनच्या थराने अडकली तरी हेच लक्षण दिसतं, तेव्हा तीही हलवून बघावी.)

इंडक्शनची गळती: दिशा बदलणारी

थ्रॉटलच्या पुढची इंडक्शन गळती ओळखायची खूण म्हणजे तिची दिशा बदलते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे फटीतून हवा आत ओढली जाते. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), इंजिन खडबडीत चालतं आणि आयडलचं मॅनिफोल्ड प्रेशर नेहमीपेक्षा थोडं जास्त दिसतं. पॉवर वाढवून आतला दाब बाहेरच्याएवढा झाला की इंजिन गुपचूप गुळगुळीत होतं. बूस्ट त्याच्याही वर गेला की त्याच फटीतून हवा बाहेर पडते आणि तो सिलिंडर रिच होतो (इंधन जास्त). उंची वाढेल तशी ही गळती वाढते: १८,००० फुटांवर बाहेरचा दाब जेमतेम १५ इंच असतो, आत ३५ असेल तर फरक २० इंचांचा, म्हणजे जवळजवळ १० पीएसआय.

इंजिन मॉनिटर असेल तर हे हवेतच पकडता येतं. एकदा बाहेरच्या दाबापेक्षा कमी मॅनिफोल्ड प्रेशर ठेवून आणि एकदा बऱ्याच जास्त प्रेशरवर, मिश्रण सावकाश लीन करत न्या आणि कोणत्या सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) कोणत्या फ्युएल फ्लोला शिखर गाठतो ते नोंदवा. एखादा सिलिंडर कमी प्रेशरवर सगळ्यांच्या आधी आणि जास्त प्रेशरवर सगळ्यांच्या शेवटी शिखरावर येत असेल, तर त्याच्याच इनटेकच्या गॅस्केटवर किंवा रबरी जोडावर नजर टाका. दोन्ही वेळा तोच आधी येत असेल तर दोष बहुधा इंजेक्टरचा. १००एलएल पेट्रोलचा निळा डाग इनटेकच्या जोडाभोवती दिसला तर मग शंकाच नको.

गळती अपर डेकमध्ये, म्हणजे थ्रॉटलच्या आधी असेल तर आयडलला काहीच जाणवत नाही. इथे सैल पडलेले होज क्लॅम्प, तेलाने फुगलेले रबरी जोड आणि तडकलेला इंटरकूलर हे नेहमीचे आरोपी. एक जागा हमखास सुटते: अपर डेकमधून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या. टर्बो इंजिनात इंजेक्टरच्या हवेच्या छिद्रांना अपर डेकचा दाब द्यावा लागतो. ही नळी फाटली तर मॅनिफोल्डमधला दाब इंधन त्या छिद्रांतून उलटं बाहेर ढकलतो. बुडाशी निळा डाग असलेला इंजेक्टर दिसला तर तो बदलायच्या आधी ही नळी तपासा. प्रेशराइज्ड मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारी, आत दाबाची हवा भरलेली यंत्रं) असतील तर त्यांची हवाही इथूनच जाते. ती कमी पडली की उंचीवर मिसफायर सुरू होतो आणि लोक प्लग बदलत बसतात.

एक्झॉस्टची गळती: एकाच दिशेची आणि धोक्याची

एक्झॉस्टचा दाब बाहेरच्यापेक्षा कायम जास्त असतो, त्यामुळे गळती कायम बाहेरच्या बाजूला. आयडल बिघडत नाही, सिलिंडरचं मिश्रण फारसं बदलत नाही, इंजिन मऊ चालतं. अनेक इंजिनांत टर्बाइनच्या तोंडाशी वायूच्या तापमानाला १६५०° फॅरनहाइटची मर्यादा असते, म्हणजे सुमारे ९००° सेल्सिअस. ॲल्युमिनियम ६६०° ला वितळतं. तडा गेलेल्या पाइपातून अशा वायूचा झोत इंधनाच्या होजवर, तेलाच्या नळीवर किंवा इंजिन माउंटवर पडला तर पुढचं सांगायला नको.

आता सगळ्यात वाईट भाग. टर्बाइनच्या आधीची गळती निदान मॅनिफोल्ड प्रेशर तरी खाली आणते. टर्बाइनच्या पुढे टेलपाइप ज्या व्ही-बँड क्लॅम्पने (दोन फ्लँज कवटाळणारा गोल पट्टा) धरलेला असतो तो तुटला, तर मॅनिफोल्ड प्रेशरला काही होत नाही, कारण टर्बाइनचं काम तोवर झालेलं असतं. टेलपाइप निसटतो आणि सगळा झोत काउलिंगच्या आत सुटतो. स्पॉट वेल्डने जोडलेल्या अनेक तुकड्यांच्या क्लॅम्पना वेल्डपाशी तडे जातात. त्यावरूनच एफएएने (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) एडी २०२३-०९-०९ हा सक्तीचा सुरक्षा आदेश काढून या जागेच्या अशा क्लॅम्पना ५०० तासांची आयुर्मर्यादा घातली. म्हणजे प्रेशर ठीक आहे म्हणून एक्झॉस्ट ठीक आहे, असं मानायला काहीही आधार नाही. तिथे आरसा आणि टॉर्चच लागते.

बघायचं काय? पांढुरक्या, राखाडी किंवा पिवळसर भुकटीचे पिसासारखे फाटे फुटलेले डाग. सिलिंडरच्या एक्झॉस्ट फ्लँजवर ते दिसले तर थांबू नका, कारण गॅस्केट फुटल्यावर वायू ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खात जातो आणि मग नवं गॅस्केटही बसत नाही. तडा सापडला की त्यावर साध्या पेन्सिलीने खूण करायची नाही. पेन्सिलीच्या कांडीतला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथेच नवा तडा जातो. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारंही लांब ठेवायची, कारण जस्तही तसंच धातूत शिरतं.

साबणाचं पाणी

दोन्ही बाजूंची कसोटी एकच. इंजिन थंड, मॅग्नेटो बंद, मिश्रण कट-ऑफ. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला लावून उरलेली फट कापडाने बुजवा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका. इंडक्शनसाठी हेच हवेच्या प्रवेशाकडून करा, थ्रॉटल उघडा ठेवून. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील तर हवा पलीकडेही जाते, तेव्हा बुडबुडे अनपेक्षित जागी आले तर गोंधळू नका. प्रोपेलरच्या फिरण्याच्या वाटेत मात्र कोणीही उभं राहायचं नाही.

बुडबुडे सगळीकडे सारखे मोजायचे नाहीत. इंडक्शनच्या जोडाला एकही चालत नाही. एक्झॉस्टच्या स्लिप जॉइंटमधून (एकात एक सरकणारा पाइपांचा जोड) थंड असताना थोडी हवा येणारच, तो गरम झाल्यावर बसतो. पण वेल्डवर, पाइपाच्या अंगावर किंवा फ्लँजवर आलेला फेस म्हणजे भाग उतरवायचा.

हवेत अचानक प्रेशर पडलं तर निदान करत बसू नका. कॉम्प्रेसरचा होज निसटला असेल तर हवा घटते, इंधन तेवढंच राहतं आणि इंजिन अतिरिच होऊन अडखळतं; लीन केल्यावर ते सावरतं. पण सावरलं म्हणून तो होजच होता असं ठरत नाही, टर्बोच बंद पडला तरी असंच होतं. एक्झॉस्टच फुटलाय असं धरून चाला: पॉवर उड्डाणाला लागेल तेवढीच ठेवा, बाकी विमानाच्या हँडबुकप्रमाणे करा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.

व्ही-बँड परत बसवताना नवा लॉकनट वापरा. घट्ट करता करता रबरी हातोडीने कडेने हलके ठोके द्या, म्हणजे क्लॅम्प सगळीकडून सारखा बसतो, आणि मग मॅन्युअलमधला टॉर्क पुन्हा लावा. इंजिन चालवून थंड झाल्यावर तो परत तपासा. त्यानंतर एकदा क्रिटिकल अल्टिट्यूडपर्यंत चढून नवा आकडा लिहा. जुन्या आकड्यापर्यंत पोहोचला नाही, तर दुसरी गळती बहुधा अजून तिथेच आहे.