व्हिडिओ एकच, आंदोलनं दोन

डॅन काहान हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. २०२ अमेरिकी नागरिकांना एका निदर्शनाचा व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं, समजा तुम्ही ज्यूरीत आहात. पोलिसांनी या लोकांना हटवलं, ते कायद्याला धरून होतं का ते ठरवा. निम्म्यांना सांगितलं की हे गर्भपाताचे विरोधक असून गर्भपात केंद्रासमोर उभे आहेत. बाकीच्यांना सांगितलं की हे कॉलेजातल्या लष्करभरतीविरुद्ध आलेत, कारण समलिंगी असल्याचं उघड सांगणाऱ्यांना तेव्हा लष्करात जागा नव्हती. व्हिडिओ मात्र तोच.

आंदोलन आवडलं की नाही, यावर दुमत झालं असतं तर त्यात नवल काय? पण विचारलं होतं ते साधं होतं: त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवली का? कुणाला धमकावलं का? यावरच फाटे फुटले. ज्यांना मुद्दा पटत होता त्यांना शांत निदर्शनं दिसली, ज्यांना खटकत होता त्यांना दांडगाई दिसली. एकाच विचाराची माणसंसुद्धा, व्हिडिओखालचं कारण बदललं की, उलट साक्ष देत होती.

अशा प्रयोगांचं मूळ एका अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांमध्ये भलताच आडदांड सामना झाला. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. पुढे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे ९.८. त्यांच्या १९५४ च्या निबंधातला मला सर्वांत आवडणारा पुरावा मात्र आकड्यांचा नाही. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याकडे ही फिल्म पाठवली होती. आपल्या संघाच्या दांडगाईबद्दल ऐकून होता, पण फिल्ममध्ये त्याला तसं फारसं काही दिसेना. त्याने तार ठोकली: महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, उरलेला तुकडा विमानाने पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे!

हा माणूस ढोंगी नव्हता. दुटप्पीपणा म्हटलं की आपण समोरच्याला लबाड ठरवून मोकळे होतो. लबाडाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं.

डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीत इतका फरक, तर हेतूबद्दल काय बोलावं! तो कुणाला दिसतच नाही. ‘ह्यांना पैसे देऊन आणलंय’ हा आरोप अमेरिकेत दोन्ही बाजू करतात, आपल्याकडेही सगळेच पक्ष करतात. कधी तो खराही असतो, पण तो पटायला पुरावा लागत नाही, ही खरी गोम. डेल मिलर आणि रिबेका रॅटनर या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दुसरे लोक स्वार्थापोटी किती वागतात याचा आपला अंदाज वास्तवापेक्षा बराच जास्त असतो. रक्तदानाला पैसे दिले तर किती जण वाढतील, असं विचारल्यावर लोकांनी सांगितलेली वाढ प्रत्यक्षातल्या वाढीपेक्षा बरीच मोठी निघाली. म्हणूनच ज्याचं स्वतःचं काही अडलेलं नाही असा माणूस रस्त्यावर उतरला की ‘ह्याचा काय संबंध?’ हा प्रश्न आधी येतो. अर्थात आपल्या बाजूच्या माणसासाठी हाच प्रश्न ‘बघा, स्वतःचं काही नसताना आलाय’ असा कौतुकाचा होतो. आपला तो बाब्या.

अ‍ॅडम वेट्झ, लिआन यंग आणि जेरेमी गिंजेस यांनी २०१४ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांना, तसंच इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांना हेतूंबद्दल विचारलं. सगळीकडे उत्तर एकाच वळणाचं: आम्ही आमच्या माणसांच्या प्रेमापोटी लढतो, ते आमच्या द्वेषापोटी. ज्यांना समोरचा द्वेषानेच पेटलाय असं वाटतं, त्यांना वाटाघाटीत अर्थही कमी वाटतो.

यात एक बाजू जास्त आंधळी आहे का? पीटर डिटो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५१ प्रयोग एकत्र तपासून उदारमतवादी आणि पुराणमतवादी यांच्यात जवळपास सारखाच पक्षपात असल्याचं मांडलं. जोनाथन बॅरन आणि जॉन जोस्ट यांनी त्यावर हरकत घेतली आणि वाद मिटलेला नाही. मला वाटतं, पक्षपात सारखा निघाला तरी त्यातून दोन आंदोलनांच्या मागण्या सारख्याच योग्य ठरत नाहीत. त्या वेगळ्याच तपासाव्या लागतात.

वेट्झ यांच्या अभ्यासातला आणखी एक भाग. काही अमेरिकी मतदारांना सांगितलं, विरोधी पक्षाच्या लोकांचा हेतू बरोबर ओळखलात तर वर पैसे मिळतील. त्या आमिषावर विरोधकांच्या वाट्याचा द्वेष कमी झाला आणि प्रेम वाढलं.