व्हिनाइल की रेझिन? कपड्यांची ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

हातपाय सांध्यांत वळणाऱ्या बाहुल्यांच्या कपड्यांसाठी फोन आला की मापं विचारण्याआधी आम्ही विचारतो, "बाहुली रेझिनची की व्हिनाइलची?" म्हणजे ओतीव कडक प्लास्टिकची की मऊ, रबरासारख्या प्लास्टिकची? काहींना हा प्रश्न जास्तीचा वाटतो. "साठ सेंटिमीटरची आहे, मापं पाठवलीत, मग कशाची का असेना!" पण अस्तर कोणतं लावायचं, कोणता रंग चालेल आणि काही वेळा ऑर्डर घ्यायची की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. ज्यांनी सांध्यांची बाहुली अजून घेतलेली नाही, ते हाच प्रश्न उलटा आम्हाला विचारतात: "कोणती घेऊ?" आम्ही बाहुल्या विकत नाही. कपडे शिवतो, विग करतो, इलास्टिक बदलतो, चेहरे रंगवतो. त्यामुळे दोन्हींबद्दल मोकळेपणाने सांगता येतं.

आधी एक गैरसमज. रेझिन म्हणजे अस्सल आणि व्हिनाइल म्हणजे स्वस्तातलं प्लास्टिक, असं नाही. क्योटोच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ साली 'सुपर डॉल्फी' आणली ती रेझिनची, आणि २००३ साली 'डॉल्फी ड्रीम' आणली ती व्हिनाइलची. एकाच कंपनीने दोन्ही केल्या. फरक आहे तो घडणीचा. रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात. हे काम छोट्या जागेत, एकट्या कलाकारालाही जमतं. मात्र थोड्या ओतकामांत साचा झिजतो आणि पुढचं घासकाम हातानेच करावं लागतं. म्हणून रेझिनमध्ये चेहऱ्यांची विविधता मोठी आणि थांबायचं ते महिनोन्महिने. व्हिनाइलला धातूचे साचे आणि उष्णता लागते, साच्यांनाच मोठं भांडवल लागतं, त्यामुळे करणाऱ्या कंपन्या मोजक्या.

हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. रेझिनची बाहुली चिनीमातीसारखी थंड आणि वजनदार लागते. आतून ओवलेल्या इलास्टिकच्या ताणावर ती उभी राहते. तो ताण काही वर्षांनी सैलावतो आणि मग बाहुली गुडघ्यात वाकायला लागते. ही खराबी नव्हे. इलास्टिक बदललं की ती पुन्हा ताठ उभी राहते, आणि ते काम आम्ही करून देतो. पडली तर मात्र बोटाचा टवका उडू शकतो. व्हिनाइलच्या बाहुलीत आत सांगाडा असतो. हात जिथे ठेवाल तिथे राहतो आणि पडल्याचं तिला फारसं काही होत नाही. फोटोसाठी बाहेर न्यायची असेल तर ती सोयीची. चेहरा पुसून पुन्हा रंगवायची, घासून आकार बदलायची हौस असेल तर रेझिनच घ्या. रेझिन उन्हाने पिवळं पडतं, अंधारातही हळूहळू पडतंच. म्हणून खिडकीसमोरचं काचेचं कपाट तिच्यासाठी नको.

आता आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ जातो त्या चुकीबद्दल. व्हिनाइलच्या बाहुलीला गडद रंगाचं कापड थेट अंगाला लागू देऊ नका.

घरात खणाचा, इरकलीचा, पैठणीच्या ब्लाउजचा तुकडा उरलेला असतो. त्याची नऊवारी शिवून बाहुलीला नेसवावी असं वाटणारच, आम्हालाही वाटतं. गेल्या वर्षी एक ताई अशीच बाहुली घेऊन आल्या. गौरी-गणपतीत नेसवलेली डाळिंबी इरकल दिवाळीच्या आवराआवरीत सोडली, तर कमरेभोवती लाल पट्टा आणि दोन्ही मांड्यांवर निऱ्यांच्या घड्या जशाच्या तशा उमटलेल्या. घडी उलगडून पाहावी तशी एकेक रेघ मोजता येत होती. त्या म्हणाल्या, "पण मी कापड मिठाच्या पाण्यात भिजवून घेतलं होतं!"

इथेच बहुतेक जण फसतात. रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. आणि पाण्यात रंग न सोडणारं कापडही व्हिनाइलवर रंग सोडू शकतं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. कापडातला रंग त्यात विरघळतो आणि आत शिरतो. उकाड्यात हे आणखी लवकर होतं. पॉलिएस्टरचं कापड तर धुण्यात अगदी पक्कं ठरतं आणि तरीही डाग पाडतं. कापडाचा रंग व्हिनाइलमध्ये उतरतो का, हे पाहण्यासाठी आयएसओ १०५-एक्स१० ही स्वतंत्र चाचणी आहे, यावरून हा त्रास फक्त बाहुल्यांपुरता नाही हे लक्षात येईल. डाग रेझिनवरही पडतो, पण तो बहुधा वरच्या थरात असतो. बारीक पॉलिशपेपर ओला करून, तोंडाला मास्क लावून घासला की बऱ्याचदा निघतो. व्हिनाइलला घासायला वरचा थर असा नसतोच.

डाग दिसल्यावर घाबरून नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्याने व्हिनाइलचा पृष्ठभागच विरघळतो आणि तिथली चमक कायमची बदलते. मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून उन्हात ठेवण्याचा उपाय खरा आहे, पण तो डागाबरोबर कातडीचा रंगही उडवतो. लाल पट्ट्याच्या जागी पांढरा पट्टा घेऊन आलेल्या बाहुल्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्याला आमच्याकडे उपाय नाही. डाग दिसताच कपडा उतरवा, बाकी काही न करता आम्हाला फोटो पाठवा. निघेल तेवढा काढून देऊ. पूर्ण निघेल अशी हमी मात्र आम्ही देत नाही.

म्हणूनच व्हिनाइलच्या बाहुलीसाठी गडद कपडा शिवताना आम्ही न रंगवलेल्या मांजरपाटाचं किंवा मलमलीचं अस्तर लावतो, आणि सोबत अंगाच्या रंगाचा फिकट बॉडीसूट घ्या म्हणून आग्रह धरतो. काहींना वाटतं, हा बिल वाढवायचा प्रकार आहे. बॉडीसूट आमच्याकडूनच घ्या असं आम्ही म्हणत नाही, पांढऱ्या होजिअरीचा घरी शिवलात तरी चालेल. पण अस्तराशिवाय गडद नऊवारी आम्ही व्हिनाइलसाठी शिवून देत नाही. अस्तर लावलं तरी फोटो काढून झाले की साडी सोडा. महिनोन्महिने तशीच ठेवायची असेल तर मोतिया, अबोली, फिकट पोपटी असे रंग निवडा. गडद खण आणि पैठणी हीच मुख्य हौस असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: रेझिनची बाहुली घ्या, आणि तिलाही अस्तर लावून घ्या.

चेहरा रंगवण्याची कामं आम्ही जून ते सप्टेंबर घेत नाही. हवेत दमटपणा असला की रंग टिकावा म्हणून वरून मारलेल्या स्प्रेवर पांढरट साय धरते आणि सगळं पुसून पुन्हा करावं लागतं. व्हिनाइलच्या चेहऱ्यावर तर काही स्प्रे कधीच सुकत नाहीत, चिकट राहून धूळ ओढतात. तेव्हा घरी प्रयोग करण्याआधी विचारून घ्या.

बाहुली कुरिअरने पाठवणार असाल तर विग आणि डोळे काढून वेगळ्या डबीत ठेवा. अंगाभोवती पांढरं धुतलेलं सुती कापड गुंडाळा, त्यावर फुग्यांचं प्लास्टिक. व्हिनाइलची बाहुली थर्मोकोलला थेट टेकू देऊ नका, दोन्ही एकमेकांना चिकटतात. खोक्यात डांबरगोळ्या टाकू नका. आणि ज्या कपड्याने डाग पडला तो कपडाही सोबत पाठवा. रंग कुठून आला हे कळलं तर काम लवकर होतं.