आजीचं गोंदण हिरवं का दिसतं?

जोतिबाच्या चैत्री यात्रेत गोंदणारणीपुढं हात धरून बसलेल्या बायकांच्या नाती आज कोल्हापुरात टॅटूवाल्याकडं नंबर लावून बसतात. आजीच्या हातावरची तुळस काजळीची, म्हणजे काळी कुळकुळीत होती. आता ती हिरवट दिसते. मग शाई विटली का?

नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो सहजी रंग बदलत नाही. फरक पडतो तो आपण ती शाई कशातून बघतो त्यानं. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो, म्हणून सुई त्याच्याखाली, एक-दोन मिलिमीटरवर, शाई सोडते. वरच्या थरातून उजेड आत जातो तेव्हा त्यातला निळा भाग विखरून आपल्याकडं परत येतो, तांबडा खोल जाऊन काजळीत गडप होतो. म्हणून काळं निळसर दिसतं, आणि त्यात कातडीचा पिवळट-तपकिरी रंग मिसळला की हिरवट झाक येते. मनगटावरच्या शिरा हिरव्या-निळ्या दिसतात, त्याच्यामागंही हेच आहे. आतलं रक्त लालच असतं.

सावळ्या अंगावर पांढरा किंवा पिवळा टॅटू का उठत नाही, याचं उत्तरही इथंच मिळतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिन वरच्या थरात असतं, शाई त्याच्याखाली. चहाच्या रंगाच्या काचेतून पिवळं फूल बघावं तसं. आपल्याकडं काळा, गडद निळा आणि गडद लालच खुलतो. कॅटलॉगमधल्या गोऱ्या हातावर भाळू नये.

पण शाई टिकते कशी? शरीर तिला परकी समजतं. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते लगेच गिळते. घराण्यातल्या दागिन्यासारखी ही शाई एका पेशीकडून दुसरीकडं जाते. काही कण निसटून लसिका ग्रंथीत (काखेत, जांघेत असतात त्या गाठींत) जाऊन बसतात, त्या ग्रंथीही रंगतात.

दुखतं का? दुखतंच. हाडाजवळ पातळ कातडी असते तिथं, म्हणजे बरगडी, घोटा, मनगट इथं जास्त. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी.

ॲलर्जीत लाल रंग सगळ्यात बदनाम. पूर्वी त्यात पाऱ्याचं संयुग असलेला हिंगूळ वापरत. युरोपीय संघानं 2022 पासून शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले. तरी माझ्या मते खरी भीती रंगापेक्षा सुईची. एकाच सुईनं जत्रेत पंधरा जणांना गोंदलं की हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही एकमेकांत पसरू शकतात. म्हणून सीलबंद सुई आपल्यासमोर फोडून घ्यावी आणि शाई नव्या, टोपणाएवढ्या वाटीत ओतायला सांगावी. यात लाजायचं काय? टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेही याच कारणानं.

आणि जखम भरेपर्यंत, दोन-तीन आठवडे, पंचगंगेत पोहणं बंद, तालमीच्या लाल मातीत उतरणंही बंद. दंडावर साक्षात बजरंगबली गोंदवला असला तरी.