फॉल्स आणि नॉट गिव्हन : उताऱ्याचा नकार आणि उताऱ्याचे मौन

आयल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतील वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतल्या एका प्रश्नप्रकारात उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असतात. विधान उताऱ्यातील माहितीशी जुळत असेल तर ट्रू, त्या माहितीच्या विरोधात जात असेल तर फॉल्स आणि त्याविषयी उताऱ्यात माहितीच नसेल तर नॉट गिव्हन असे उत्तर लिहायचे असते. सूचना इतकी सरळ असूनही माध्यमिक शाळेतील विद्यार्थी या प्रश्नप्रकारात हमखास अडखळतात आणि बहुतेक वेळा त्यांचा गोंधळ फॉल्स आणि नॉट गिव्हन या दोहोंतच होतो. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे, ज्यांना उताऱ्यातला प्रत्येक शब्द कळलेला आहे, असे विद्यार्थीही येथे चुकतात. त्यांना आणखी शब्द पाठ करायला लावून उपयोग होत नाही, कारण येथे अडचण शब्दांच्या अर्थाची नसून विचार करण्याच्या सवयीची असते.

ही सवय शाळेतच लागलेली असते. खालच्या इयत्तांपासून विद्यार्थी "चूक की बरोबर" हा प्रश्न सोडवत आलेले असतात आणि तेथे जे बरोबर नाही ते आपोआप चूक ठरते. तिसरा पर्याय समोर आला तरी मनात कप्पे दोनच राहतात. पाठ्यपुस्तकातला धडा आधीच शिकवून झालेला असल्यामुळे "धड्यात हे सांगितलेलेच नाही" असे उत्तर देण्याची वेळ विद्यार्थ्यावर कधी आलेलीच नसते. म्हणून तयारीची सुरुवात इंग्रजी उताऱ्यापासून करण्यापेक्षा रोजच्या बोलण्यापासून करावी, असे मला वाटते. "काल सर वर्गावर आले होते का?" असे आपण मित्राला विचारले आणि तो म्हणाला, "नाही, काल त्यांची रजा होती," तर आपल्याला एक निश्चित माहिती मिळाली. तोच मित्र म्हणाला, "मीच काल शाळेत नव्हतो," तर आपल्याला काहीच कळले नाही. दोन्ही उत्तरांत होकार नाही, तरीही पहिल्या उत्तरानंतर सर आले नव्हते असे आपण ठामपणे म्हणू शकतो आणि दुसऱ्यानंतर तसे म्हणू शकत नाही. पहिले उत्तर म्हणजे फॉल्स आणि दुसरे म्हणजे नॉट गिव्हन.

यातून निघणारी गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात पक्की बसली पाहिजे, ती अशी की फॉल्स हे उत्तर पुराव्यावर उभे असते. ट्रू लिहिण्यासाठी उताऱ्यात जसा आधार लागतो, तसाच आणि तितकाच स्पष्ट आधार फॉल्स लिहिण्यासाठीही लागतो. आधार सापडला नाही म्हणून फॉल्स लिहिणे ही या प्रश्नप्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, उतारा असा आहे : "आयफेल टॉवर १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारण्यात आला. वीस वर्षांनी तो उतरवला जाणार होता. परंतु बिनतारी संदेशवहनासाठी त्याचा उपयोग होऊ लागल्यामुळे तो कायम ठेवण्यात आला." आता पहिले विधान पाहा : "हा मनोरा कायमस्वरूपी राहावा, या हेतूनेच बांधण्यात आला होता." याचे उत्तर फॉल्स आहे, कारण वीस वर्षांनी तो उतरवायचा होता हे उताऱ्यातले वाक्य या विधानाला थेट छेद देते. दुसरे विधान असे : "मनोरा उभारला जात असताना पॅरिसमधील अनेक कलावंतांनी त्याला विरोध केला." याचे उत्तर नॉट गिव्हन आहे. प्रत्यक्षात १८८७ मध्ये लेखक आणि कलावंतांनी या मनोऱ्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र प्रसिद्ध केले होते, म्हणजे विधान इतिहासाच्या दृष्टीने खरे आहे. तरीही उताऱ्यात त्याचा उल्लेख नसल्यामुळे उत्तर बदलत नाही. अवांतर वाचन करणारा विद्यार्थी नेमका येथे ट्रू लिहून गुण गमावतो. त्याच्या वाचनाला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु या पेपरात प्रश्न जगाविषयीचा नसून समोरच्या उताऱ्याविषयीचा असतो, हे त्याला न दुखावता समजावून सांगावे लागते.

फरक ओळखण्यासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिलीला मी दुरुस्तीची कसोटी म्हणतो. विधान चुकीचे वाटत असेल, तर उताऱ्यातली माहिती वापरून ते दुरुस्त करून दाखवायचे. वरच्या उदाहरणातले पहिले विधान "हा मनोरा वीस वर्षांपुरता बांधण्यात आला होता" असे सहज दुरुस्त करता येते. दुसऱ्या विधानात मात्र दुरुस्त काय करणार? कलावंतांनी विरोध केला नाही, असे उतारा म्हणत नाही. पाठिंबा दिला, असेही म्हणत नाही. दुरुस्ती करायला उताऱ्यात साहित्यच नसेल, तर उत्तर फॉल्स असू शकत नाही.

दुसरी कसोटी सहअस्तित्वाची आहे. उताऱ्यातले वाक्य आणि प्रश्नातले विधान दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात का, हे विचारायचे. पेनिसिलिनविषयीच्या उताऱ्यात असे लिहिलेले आहे, असे धरू : "१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना प्रयोगशाळेतील एका बशीत बुरशीच्या आसपासचे जीवाणू नष्ट झालेले दिसले, मात्र या औषधाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले." त्यावर "फ्लेमिंग यांच्या निरीक्षणानंतर वर्षभरातच औषधाचे मोठे उत्पादन सुरू झाले" हे विधान दिले, तर ते आणि उतारा एकत्र खरे असूच शकत नाहीत, म्हणून फॉल्स. "फ्लेमिंग यांच्या निरीक्षणाकडे इतर शास्त्रज्ञांनी लगेच लक्ष दिले" हे विधान दिले, तर ते खरे असो वा नसो, उताऱ्यातले प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उभे राहते. जेथे दोन्ही सुखाने एकत्र नांदू शकतात आणि एकातून दुसरे निघतही नाही, तेथे उत्तर नॉट गिव्हन. उत्पादनाला उशीर झाला, म्हणजे शास्त्रज्ञांनी लक्ष दिले नसणार, असा तर्क विद्यार्थी येथे करतात. तो तर्क त्यांचा आहे, उताऱ्याचा नाही.

मग तर्क अजिबात करायचाच नाही का? हा प्रश्न चांगले विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्याला घाईने "नाही" असे उत्तर देऊ नये, कारण ते उत्तर चुकीचे आहे. अटळ तर्क आणि संभाव्य तर्क यांत भेद करायला शिकवले पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये आणि मृत्यू १९१० मध्ये झाला, एवढेच उताऱ्यात असले तरी "त्या ८० वर्षांहून अधिक जगल्या" हे विधान ट्रू आहे आणि "त्या विसावे शतक उजाडण्यापूर्वीच वारल्या" हे फॉल्स आहे. दोन्ही निष्कर्ष दिलेल्या सालांतून अटळपणे निघतात. त्यांना दुसरी वाट नाही. मात्र "उतारवयातही त्या परिचर्येच्या क्षेत्रात कार्यरत होत्या" हे विधान कितीही संभाव्य वाटले तरी या दोन सालांतून निघत नाही. जो निष्कर्ष नाकारला तर उतारा खोटा ठरतो, तो अटळ. जो नाकारूनही उतारा शाबूत राहतो, तो आपण बाहेरून आणलेला.

सीमारेषा सर्वांत बारीक होते ती प्रमाण, तुलना आणि कारण सांगणाऱ्या विधानांत. उतारा म्हणतो, "वटवाघळांच्या बहुतेक जाती कीटक खातात, तर काही जाती फळांवर जगतात." यावर "वटवाघळांच्या सर्व जाती कीटकांवर जगतात" हे विधान फॉल्स आहे. उताऱ्यातल्या मोस्ट या शब्दाच्या जागी विधानात ऑल आला की बहुधा विरोधच निर्माण होतो. विधानात ओन्ली, नेव्हर किंवा ऑल्वेज असला तरी तेच घडण्याची शक्यता असते, म्हणून अशा शब्दांखाली आधी रेघ मारून घ्यावी. परंतु असा शब्द दिसला म्हणजे उत्तर फॉल्सच, ही काही ठिकाणी शिकवली जाणारी युक्ती धोक्याची आहे. असा शब्द असलेले विधान ट्रूही असू शकते आणि नॉट गिव्हनही. तो शब्द फक्त कोठे थांबून तपासायचे ते दाखवतो.

तुलनेच्या बाबतीत उलट चूक होते. "फळे खाणारी वटवाघळे कीटक खाणाऱ्यांपेक्षा अधिक काळ जगतात" असे विधान आले, तर उताऱ्यात दोन्ही गटांचा उल्लेख असल्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की माहिती येथेच कोठेतरी आहे आणि ती न सापडल्याने तो फॉल्स लिहितो. दोन गोष्टींचा उल्लेख असणे वेगळे आणि त्यांची तुलना केलेली असणे वेगळे. कारणाच्या विधानांतही हाच सापळा असतो. गावात ग्रंथालय सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत साक्षरता वाढली, असे उतारा सांगतो. ग्रंथालयामुळे साक्षरता वाढली, असे विधान सांगते. उताऱ्याने फक्त क्रम सांगितला आहे. कार्यकारणसंबंध त्याने मान्य केला नाही आणि नाकारलाही नाही, त्यामुळे उत्तर नॉट गिव्हन.

येथे सरावाच्या साहित्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. घाईने तयार केलेल्या सरावपुस्तिकांत अशी विधाने आढळतात की ज्यांची उत्तरे दोन जाणकार शिक्षकही वेगवेगळी देतील. उदाहरणार्थ, उताऱ्यात नुसते "काही जाती" असे म्हटलेले असते आणि विधानात "सर्व जाती". उरलेल्या जातींविषयी उतारा गप्प असेल, तर काटेकोर तर्काने ते नॉट गिव्हन ठरते. बोलण्याच्या रूढीने मात्र "काही" म्हणजे "सर्व नव्हे" असे समजले जाते. अशा प्रश्नावर विद्यार्थ्याला चुकीचे ठरवले, तर त्याचा स्वतःच्या वाचनावरचा विश्वासच उडतो. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या नमुना प्रश्नपत्रिका कमी मिळाल्या तरी चालतील, पण फरक शिकवताना त्याच वापराव्यात.

याच प्रश्नाचे एक जुळे भावंड आहे : येस, नो आणि नॉट गिव्हन. तेथे विधान उताऱ्यातील वस्तुस्थितीशी नव्हे, तर लेखकाच्या मताशी किंवा दाव्याशी ताडून पाहायचे असते. भेद करण्याची रीत तीच राहते, परंतु मत कोणाचे आहे, हे पाहण्याची जास्तीची जबाबदारी येते. "काही अभ्यासकांच्या मते ही पद्धत कालबाह्य आहे" असे लेखकाने लिहिले आणि स्वतःचे मत दिलेच नाही, तर त्या वाक्यावरून लेखकाला ती पद्धत कालबाह्य वाटते, असे ठरवता येत नाही. ज्या शब्दांत उत्तर मागितले आहे, त्याच शब्दांत ते लिहिण्याची सवयही लावावी. येसच्या जागी ट्रू लिहून हातचा गुण धोक्यात घालू नये.

वेळेच्या दृष्टीनेही या दोन उत्तरांत मोठा फरक आहे. ट्रू आणि फॉल्सचा आधार सापडला की शोध संपतो. नॉट गिव्हनचा शोध संपतच नाही, कारण जे नाही ते शोधायचे असते. सरासरी काढली तर एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते आणि वाचनाच्या पेपरात उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी वेगळा वेळ नसतो. सुदैवाने या प्रश्नप्रकारात विधानांचा क्रम उताऱ्यातील माहितीच्या क्रमाप्रमाणे असतो. तिसऱ्या आणि पाचव्या विधानाचा आधार सापडला असेल, तर चौथ्याचा विषय त्या दोहोंच्या दरम्यानच असला पाहिजे. तेवढा भाग एकदा नीट वाचावा. विषय भेटला, पण विधानातला दावा मान्यही झाला नाही आणि खोडलाही गेला नाही, तर नॉट गिव्हन लिहून पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून जागा कोरी मात्र सोडू नये.

वर्गात करून घेण्यासारखा सर्वांत फलदायी सराव म्हणजे विद्यार्थ्यांकडूनच विधाने तयार करून घेणे. एक परिच्छेद द्यावा आणि प्रत्येकाला त्यावर एक ट्रू, एक फॉल्स आणि एक नॉट गिव्हन विधान लिहायला सांगावे. ट्रू आणि फॉल्स लवकर जमतात. नॉट गिव्हन लिहिताना मात्र सुरुवातीला मुले विषयाशी अजिबात संबंध नसलेले काहीतरी लिहितात. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येते की खरे अवघड विधान उताऱ्यातल्याच व्यक्ती, स्थळे आणि शब्द वापरून फक्त त्यांच्यातला संबंध नवा जोडते. वह्यांची अदलाबदल करून एकमेकांची विधाने सोडवताना जे वाद होतात, ते शिक्षकाने लगेच मिटवू नयेत. फॉल्स म्हणणाऱ्याने विधानाला छेद देणारे शब्द उताऱ्यात बोट ठेवून दाखवावेत, एवढीच अट घालावी. बोट ठेवायला जागा सापडली नाही, की तो विद्यार्थी स्वतःच आपले उत्तर बदलतो.

चुकांची नोंद ठेवतानाही केवळ किती चुकले, हे न लिहिता कोणत्या उत्तराच्या जागी कोणते लिहिले गेले, हे लिहावे. जो विद्यार्थी नॉट गिव्हनच्या जागी सतत फॉल्स लिहितो, त्याला आधार दाखवण्याचा सराव हवा. जो फॉल्सच्या जागी नॉट गिव्हन लिहितो, त्याची अडचण बहुधा निराळीच असते : विरोध समोर असूनही तो वेगळ्या शब्दांत मांडलेला असल्यामुळे त्याला ओळखता आलेला नसतो आणि अशा विद्यार्थ्याकडून समानार्थी आणि विरुद्धार्थी वाक्यरचनांचाच अभ्यास करून घ्यावा लागतो.