भेंडीचा हळद्या: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

दादरच्या मंडईत भेंडीचा शेंडा मोडून पाहतात. कटकन तुटला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. पिवळट, आखूड भेंडी मात्र कुणी मोडूनही बघत नाही. ती बऱ्याचदा जून नसतेच. झाडाला हळद्या हा विषाणूजन्य रोग झालेला असतो.

या रोगाच्या इतिहासात मुंबईचं नाव पहिल्याच पानावर आहे. 1924 साली कुलकर्णींनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरचे मोझॅक (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारे) रोग नोंदवले, त्यांत भेंडीही होती. 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याला ‘यलो व्हेन मोझॅक’ म्हटलं. आधी शिरा पिवळ्या पडतात, हिरव्या पानावर पिवळं जाळं उमटतं आणि पुढची पानं पिवळीधमकच फुटतात. रोग पांढरी माशी पसरवते, हे 1950 पर्यंत कळलं होतं. लागण होते तेव्हाच्या पिकाच्या वयानुसार नुकसान 50 ते 94 टक्के.

पण रोग एवढा जोर का धरतो, हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. एकाच विषाणूचे सौम्य आणि जहाल असे प्रकार असतात, हे तंबाखूवरच्या प्रयोगांतून मॅककिनी यांनी 1929 मध्येच दाखवलं होतं. पुढे 1998 च्या सुमारास खरा दुवा हाती आला. वनस्पती विषाणूचा आरएनए (त्याच्या जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) कापून त्याला गप्प करते, आणि विषाणूची काही जनुकं नेमकी हीच यंत्रणा बंद पाडणारी प्रथिनं बनवतात. काकडी मोझॅक विषाणूतलं ‘2बी’ जनुक काढून टाकलं की लक्षणं बरीच सौम्य होतात.

भेंडीची गोष्ट त्याहून गमतीची निघाली. मदुराईच्या जोस आणि उषा या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की मुख्य विषाणूचा डीएनए एकटा टोचला तर पानं जेमतेम वळतात. शिरांचा पिवळेपणा येतो तो सोबतच्या, डीएनएच्या साधारण 1,350 अक्षरांच्या (घटकांच्या) ‘बीटा’ तुकड्यामुळे. मुंबईच्या भाषेत हा पोटभाडेकरू: मुख्य विषाणूशिवाय त्याची प्रतही निघत नाही, पण घराची नासधूस हाच करतो. त्याच्यातलं कामाचं जनुक एकच, ‘बीटा-सी-1’. ते झाडाची आरएनए कापण्याची यंत्रणा दाबून टाकतं. टोमॅटोच्या अशाच एका विषाणूत तर ते झाडाचा किडींविरुद्धचा जास्मोनिक आम्लाचा बचावही ढिला करतं. म्हणजे पांढऱ्या माशीची सोयच.

परभणी क्रांती हा वाण रानभेंडीशी संकर करून हळद्याला तोंड देण्यासाठीच काढला गेला, आणि बरीच वर्षं टिकलाही. पुढे त्याच्यावरही रोग दिसू लागला. मला यात नवल वाटत नाही. भारतात हा रोग करणारे मुख्य विषाणू एकाहून अधिक आहेत, बीटा तुकडेही निरनिराळे, आणि एकाच झाडात त्यांच्या जोड्या बदलू शकतात.